उतारा

माती आणली धारावीतून,
बंद पडलेल्या कातडी कारखान्याच्या मागची,
निर्जंतुक चमच्यानं, चार बोटं खोलवरची.
पिशवीवर तारीख घातली. ठिकाण लिहिलं नाही.
कुंटे बाई म्हणाल्या, ठिकाण लिही, निशिगंधा,
ठिकाणाशिवाय नमुना म्हणजे नुसती धूळ.
लिहिलं.

दुधाच्या आगरावर तिसऱ्या दिवशी
चंद्राला पडावं तसं खळं पडलं
एकाच ठिपक्याभोवती.
बाकीचे बेचाळीस नुसतेच वाढले होते.

मग पोसला त्याला सोयाबीनच्या पेंडीवर,
हलत्या फ्लास्कात दोन रात्री.
पेशी खाली बसवल्या, वरची निवळी ठेवली.
पुढे बर्फात भांडं, आणि चिमूट चिमूट मीठ
(खायचं नव्हे, अमोनियम सल्फेट).
घाई केली की सगळंच बिघडतं,
हे आईच्या पाकानं आधीच शिकवलेलं.

शीतखोलीत स्वेटर घालून बसते.
मुंबईत स्वेटर लागतो तो एवढ्याच खोलीत.
कॉलममधून थेंब, थेंब, नळी बदल.
सतरा ते तेवीस. तिथे तो आहे.

वहीत दोन रकाने:
शुद्धता एक, तीन, नऊ, बावीस.
उतारा शंभर, एकसष्ट, चौतीस, सात.

शुद्ध हा शब्द मी दिवसातून दहादा लिहिते.
आजोबा दारावरून गेले की
कुणीतरी उंबऱ्यावर पाणी शिंपडायचं,
त्यालाही हाच शब्द होता.
बाईंना हे सांगितलेलं नाही.

सोमवारी पाहिलं, बावीस पट शुद्ध झालेला
निम्मा मेला होता.
एकटा पडला की काचेलाच चिकटतो, बाई म्हणाल्या,
दुसरं कुठलंतरी प्रथिन घाल थोडं, सोबतीला.
घातलं. टिकला.

बकरीच्या कातड्याचा तुकडा घरी नेला,
रात्रभर भिजवलेला. शुद्धमध्ये नव्हे,
पहिल्या दिवशीच्या कच्च्या निवळीत; तेवढी पुरते.
बाबांनी अंगठा फिरवला.
केस निघून आले, ओल्या गवतासारखे.
चुना नाही. सल्फाइड नाही.
स्वतःच्या नखांकडे पाहिलं त्यांनी,
मग तुकडा हुंगला. परत हुंगला.
वास कुठंय, म्हणाले.
तीस वर्षं ज्याच्यापायी
बसमधली शेजारची जागा रिकामी राहिली,
तो शोधत
बराच वेळ तुकडा नाकाशी धरून बसले.