चौकट

साक्री सोडून रस्ता पिंपळनेरकडे जातो,
मध्ये उजव्या हाताला एक बरड आहे.
त्यातलं एक हेक्टर आम्ही तारेत घातलं
तेव्हा माझी दाढी काळी होती.

आत विस्तव नाही, आत खूर नाही.
बाहेर भिवसन ठेलारी, त्याच्या मेंढ्या
आणि फाल्गुनात कुणीतरी टाकलेली काडी.

नवरात्र सरलं की दरसाल
मी लोखंडी चौकट टाकायचो, मीटर बाय मीटर,
उकिडवा बसून मोजायचो:
कुसळी एकतीस, पवन्या चार, मारवेल शून्य.

तिसऱ्या साली मारवेल दिसू लागला.
पँटीला कुसळं चिकटेनाशी झाली.
पाचव्या साली पवन्या छातीला लागला,
वारा आला की वाटायचं डोंगरच कूस बदलतोय.
साहेबांनी फोटो काढले.
भिवसन काठीवर हनुवटी टेकून उभा,
मेंढ्या तारेला तोंड लावून.

सातव्या साली मला कळायला हवं होतं.
जुनं गवत नव्याच्या अंगावर आडवं पडलेलं,
राखाडी, वीतभर जाड.
खाली हात घातला तर ओल लागली, वाळवी लागली,
कोंब लागला नाही.
वहीत लिहिलं: काडीकचरा, भरपूर.
आणि समासात: हिवराची रोपं, दोन, बोटभर.

बाहेर असती तर शेळीने खुडली असती.
शेळीकडून सुटती तर वणव्याने.

यंदा चौदावं साल.
हिवर तारेवरून रस्त्याकडे वाकून बघतात.
आत बोरी, हेंकळ, गार काळोखी सावली.
चौकट सपाट बसत नाही,
काट्यांमधून तिरपी सरकवावी लागते.
कुसळी शून्य.
पवन्या तीन काड्या, तेही कवडसा पडतो तिथेच.
चंडोल आता बाहेर, मेंढ्यांच्या मागे उठतो आणि गातो.
आत बुलबुल आहेत.
बुलबुलांबद्दल माझी काही तक्रार नाही.

परवा भिवसनने काठीने फांदी बाजूला केली,
आत बराच वेळ बघितलं.
"गवत कोठे गयं, भाऊ?"

तार शाबूत. कुलूप शाबूत.
रजिस्टरला चौदा वर्षं माझ्याच सह्या.
मी म्हटलं, कुणी नेलं नाही.
"तेच तं सांगस मी."

मग तो तिथेच दगडावर बसला,
विडी पेटवली,
आणि माझ्याकडे एकदा बघून
विझलेली काडी
खिशात ठेवली.