एक टक्का

रात्री साडेअकराला दांडिया बाजारातल्या नर्सिंग होमच्या
मागच्या जिन्याने मी वर जातो.
पेशंटना दिसायचं नाही, ही अट.
पिशवीत टॉर्च, बिनसुईची सिरिंज, बाटल्यांची झाकणं, साखर,
आणि कॅरमवर टाकतात ती पावडर.

मुंगी बघायला वाकावं लागतं.
पिवळट, जवळजवळ नाहीच अशी.
आपल्याकडची नव्हे,
कुठल्याशा जहाजातून, खोक्यातून उतरलेली.
आपली काळी दारातून येते, दिसते, झाडता येते.
ही स्विचबोर्डातून निघते,
सलाइनच्या नळीवर चालते.
परवा काचेच्या पेटीत
दीड किलोच्या, अजून नाव नसलेल्या मुलीच्या
बेंबीवरच्या पट्टीखाली सापडली.

ट्रस्टी कारखानीस म्हणाले, मारा ना फवारा सरळ.
म्हटलं, साहेब, फवारलं की हिच्यात वाटण्या होतात.
एका घराच्या सात चुली,
प्रत्येकीच्या वाट्याला दोन राण्या, थोडी अंडी,
आणि भिंतीतल्या भिंतीत तिन्ही मजले.
(आमच्यात पहिला फवारा थोरल्याने मारला.
ते कारखानीसांना सांगण्यासारखं नव्हतं.)

हिला मारायचं तर जेवू घालावं लागतं.
शंभर ग्रॅम पाकात एक ग्रॅम पावडर,
वजनकाटा सोनाराचा.
तीन पडले तर वाटेतच मरते,
मागच्या शहाण्या होतात.
अर्धा पडला तर नुसतीच मेजवानी.
एक टक्का म्हणजे
तिला घरी पोचता आलं पाहिजे.
आतल्यांच्या तोंडात
आपल्या पोटातला घास घालता आला पाहिजे.
राणीच्याही.

सिस्टर वर्षाबेन रात्रपाळीला असतात.
अमावास्येला त्या कमाटीबागेत जातात,
नारळाला भोक पाडून
आत पीठ, तूप, गूळ ठासून
झाडाच्या बुडाशी पुरतात.
कीडियारूं. हजारो जिवांचं जेवण, एका नारळात.
पाक ढवळताना बघून म्हणाल्या,
भाई, वेलची नाही टाकत?
मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.

दिवा मालवला. फरशीवर पालथा पडून
झाकणात थेंब सोडले,
एक पेटीच्या पायाशी, एक बोर्डाखाली.
पहिली आली. मिशा फिरवल्या. प्यायली.
टॉर्चच्या उजेडात तिचं पोट
काचेच्या मण्यासारखं भरत गेलं.
मग वळली, ज्या वाटेने आली त्याच वाटेने.
वीस मिनिटांत झाकणाभोवती पंगत बसली,
खांद्याला खांदा लावून,
कुणी मान वर करेना.

सावकाश होऊ द्या,
माझ्या तोंडून निघून गेलं.
वडील वाढायला उभे राहायचे तेव्हा म्हणायचे, तसंच.

वर्षाबेन या पेठेत वीस वर्षं आहेत,
मराठी सगळं कळतं त्यांना.
त्यांनी पेटीचं तापमान बघितलं,
वहीत आकडा लिहिला,
आणि माझ्या अंगावरून, एकही झाकण न हलवता,
पाय उचलून पलीकडे गेल्या.