मूळ वेष्टनात

फॉर्मवर छापलंय: प्रतवारीसाठी नाणी
शक्यतो मूळ वेष्टनातच पाठवावीत.
वेष्टन आम्ही उघडू, हातमोजे घालून.

बरं.

वेष्टन म्हणजे निळ्या रेक्झिनची पेटी,
आत मखमल, मखमलीत खळगे, वर प्लास्टिकचं झाकण,
आणि टांकसाळीचं कार्ड, ज्याच्या पाठीवर बाबांनी
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: मनिऑर्डरचं कमिशन वेगळं.
साल ब्याऐंशी. बंदर कचेरीतला शिपाई
बाबी मोचेमाडकर दिवाळीचा बोनस मुंबईला धाडतो
आणि आई चार दिवस त्याच्याशी बोलत नाही.

वेंगुर्ल्याची हवा कुणाचं काही चकचकीत राहू देत नाही.
बिजागऱ्या खाते, सायकलची साखळी खाते,
देवळातल्या घंटेची कडी दर दोन वर्षांनी नवी.
म्हणून पेटी तांदळाच्या डब्यात, उकड्या तांदळात खोल.
पावसाळा सरला की बाबा ती बाहेर काढत.
उघडत नसत. कानाशी धरून हलवत.
वाजलं नाही की पुन्हा तांदळात.

प्रश्न सहावा: वेष्टन यापूर्वी उघडले आहे काय?
दोन चौकोन. हो. नाही.

मी "नाही"वर पेन टेकवलंच होतं,
तेवढ्यात झाकणाच्या कडेला दिसली चिकटपट्टी,
पिवळी पडलेली, वह्यांना लावायची.
टांकसाळ अशी पट्टी लावत नसावी.

मग भिंग. मग दिवा.
शंभराच्या नाण्यावर, सिंहांच्या वर,
जिथं चांदी आरशासारखी मोकळी सोडलेली असते तिथं
एक ठसा. तपकिरी, कडेला जांभळट,
चिंचोक्याहून थोडा मोठा.
एकेक रेघ मोजता येईल असा.

द्वारकेला सावंतवाडीला फोन लावला.
"बाबांची पेटी तू उघडलेलीस?"
पलीकडे कुकरची शिट्टी. मग हसणं.
"चाळीस वर्सांनी चोर पकडलंस रे!
नाणी बघूक नाय, तोंड बघूक उघडलेलंय.
आपल्या आरशाक तडो गेलेलो."
"बाबांना कळलं?"
"कळला तर. काय बोलाक नाय.
दुकानातसून चिकटपट्टी घेवन इले."

मी तिला सांगितलं, तुझा अंगठा अजून आहे त्यावर.
ती थोडा वेळ गप्प.
सव्वीस वर्षं काजूच्या कारखान्यात,
टरफलाचा चीक बोटांना, वरून राख, वरून खोबरेल,
तरी कातडं सुटायचंच.
दर महिन्याला रेशनच्या दुकानात
ती अंगठा ठेवते, पुसते, पुन्हा ठेवते,
मशीन लाल होतं,
मागची रांग उसासे टाकते.
"माजो आंगठो खयच गावणा नाय," ती म्हणाली,
"आणि तो थय तांदळात बसलोहा?
मग ता नाणाच नेतंय रेशनीक."

प्रश्न नववा: डाग, ठसे इत्यादी
रासायनिक पद्धतीने काढून हवेत काय? शुल्क वेगळे.
ठशानं गुण जातात, एवढं मलाही ठाऊक आहे.
सत्तरपैकी किती, ते तिथल्या माणसाच्या
मूडवर असेल, किंवा दिव्यावर.
मी नको लिहिलं. खाली एक रेघ मारली.
मग शंका आली, म्हणून दुसरी.

वेष्टन परत हवे काय? हवे.
पट्टीसकट? असा प्रश्न नव्हता,
मी समासात लिहिलं.

राहिला सहावा.
दोन्ही चौकोन मोकळे ठेवून
त्यांच्या मधल्या जागेत लिहिलं: एकदा.
घरी आरसा नव्हता.