उंबरा हाय

शोकसभा ओपीडीच्या हॉलमध्येच ठेवली होती,
केसपेपरची खिडकी बंद झाल्यावर, चारला.
साहेबांनी कागदात बघून नाव वाचलं,
पिराजी भाऊ सोनुले, चौतीस वर्षांची प्रदीर्घ सेवा.
आम्ही सिस्टर मंडळी मागच्या बाकावर.
त्याच्या बापाचं नाव भाऊ होतं
हे आम्हाला तेव्हा कळलं.

थोरल्या दवाखान्यात मी आले ती वीस वर्षांची,
गडहिंग्लजहून, पत्र्याची पेटी घेऊन.
पहिल्याच रात्रपाळीला
उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला एक पोरगा आला.
मी सलाईनची बाटली उंच धरून पळतेय
आणि स्ट्रेचर ढकलणारा माणूस बोलतोय,
एकटाच, हळू आवाजात:
आता डावीकडं वळतोय बघ.
आता उतार हाय, पोटात हलंल जरा.
उंबरा हाय. धक्का बसंल. माझ्याकडं बघ.

मामा, त्याला ऐकू येत नाही, मी म्हटलं.
तुला कोण सांगिटलं?
एवढंच म्हणाला, आणि पुढच्या वळणाचं सांगू लागला.

दवाखाना त्याला धक्क्यांनी पाठ होता.
एक्स-रेच्या दारात दीड इंच.
बाळंतिणींच्या वॉर्डापाशी फुटकी फरशी,
तिथं तो स्ट्रेचर जवळजवळ उचलायचाच.
शवागाराकडं जाताना तीन उंबरे.
तेही सांगायचा. तिन्ही.
आवाज तोच.

देवमाणूस वगैरे नव्हता.
जिन्याच्या कोपऱ्यात तंबाखूची पिंक त्याचीच असायची.
खासबागेत मोठी कुस्ती लागली
की याच्या पोटात दुखायचं
आणि रजेचा अर्ज माझ्या अक्षरात जायचा.
बाळ झालं की चहापाणी मागायचा, हक्कानं.
मयताचं कधी घेतलं नाही.
एका बाईनं पदराची गाठ सोडून पुढं केलेली वीसची नोट
तिच्याच मुठीत बंद करून म्हणाला,
ऱ्हाऊ दे आक्का, रिक्षाला लागतील.

चाकांना घालायला खोबरेल तेल,
घरचं, औषधाच्या जुन्या बाटलीत,
लिफ्टमागच्या कोनाड्यात.
स्टोअरकडं ग्रीस मागणारा अर्ज
त्यानं सत्त्याण्णव साली दिला होता.
तो अद्याप विचाराधीन आहे.

करोनात नातेवाईक गेटबाहेर
आणि आत नुसती प्लॅस्टिकची बोचकी, चेन ओढलेली.
किटच्या आत तो स्वतः घामानं निथळत,
काच धुरकटलेली, समोरचं धड दिसत नव्हतं.
पण पाठ होतंच.
उंबरा हाय, म्हणायचा,
मास्कमधून घोगरं, तीनदा.
मी तेव्हा त्याला काहीच म्हटलं नाही.
मला तोवर कळलं होतं, असं नाही.
माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं.

उत्तरेश्वर पेठेतली त्याची गल्ली अरुंद.
तिरडी निघाली तेव्हा पुढचा खांदेकरी ओरडला,
जपून रं, फरशी हलतीया.
मागच्यांना सांगत होता तो.
आम्ही बायका कोपऱ्यापर्यंत गेलो आणि थांबलो.
पुढं पंचगंगेकडं उतार आहे,
मग घाटाच्या पायऱ्या.
किती आहेत, मी कधी मोजल्या नाहीत.

शोकसभेत मलाही बोला म्हणाले.
मी उठले, त्याचं नाव घेतलं, आणि बसले.

काल एक्स-रेच्या दारात नव्या पोरानं स्ट्रेचर तसंच दामटलं.
कानात वायर, नजर पुढं.
वरची आजी कळवळली, देवा म्हणाली.
मी रागवायला तोंड उघडलं
आणि त्याला लिफ्टमागं घेऊन गेले.
बाटली होती. निम्मी भरलेली.
रिटायर झाल्यावरही येऊन भरून जायचा.
पोरानं उपडी केली, हलवली.
मॅडम, हे तर पडंना.

थंडीनं गोठलंय, म्हटलं.
थोडा वेळ उन्हात धर.