येणे बाकी

नारीनमध्ये फेब्रुवारीत शाई गोठते म्हणतात.
खोटं आहे. शाई आता वापरतं कोण,
गोठतं ते बॉलपेन.
ते काखेत धरून, ऊब देत देत
मी त्या रात्री उद्योजकतेचे एकतीस प्रकल्प तपासले.
पाय मात्र गरम होते.
हे लक्षात असू द्या, पुढं लागेल.

प्रकल्प साधा होता:
कॉलेजकडून प्रत्येकाला तीन हजार सोम, सहा आठवडे,
आणि शेवटी माझ्यासमोर उभं राहून सांगायचं
त्या पैशांचं काय झालं.
त्याआधी मी फळ्यावर व्याख्या लिहायचे,
जोखीम म्हणजे काय, दोन गुण,
आणि मुलं कसलीही जोखीम न घेता ती घोकायची.

बिश्केकहून निकषपत्रिका आली, गुळगुळीत कागदावर.
बाजाराचा अभ्यास वीस, सादरीकरण वीस,
रोखप्रवाह चाळीस,
उरलेले वीस आत्मपरीक्षणाला.
आत्मपरीक्षणासाठी अर्धं पान.

तिलेकनं दोर्दोय बाजारातून मोबाइलची कव्हरं आणली,
दुपटीनं विकली, तीन रंगांत आलेख काढले.
चौऱ्याण्णव.
खोट काढावी असं काही नव्हतं. मी काढलीही नाही.

जिरगालनं लोकर घेतली.
ती, तिची आई आणि एक मुकी मावशी
रात्र रात्र विणत बसल्या.
पायमोजे, अडीचशेला जोडी. वीस जोड्या.
सगळ्या खपल्या. गल्ल्यात साडेसातशे.

"बाकीचे?"
"येतील, एजेके."
"कधी?"
"बॉयलरवाल्याचे पगाराला.
दवाखान्यातल्या स्वयंपाकिणीचे, पेन्शन झाली की.
वरच्या कुरणावरचे लोक रस्ता उघडल्यावर खाली येतात."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
मी नाही हसले. पेन हसलं असावं:
रोखप्रवाह, चाळीसपैकी सहा.
शेरा: वसुली नाही. व्यवहारात भिडस्तपणा.
एकूण अडतीस. पास व्हायला चाळीस लागतात.
तिनं कागदाची घडी केली, कोटाच्या अस्तरात सरकवली,
आणि दार नीट लावून गेली, गार वारं आत येऊ नये म्हणून.

मेमध्ये ती पुन्हा आली.
मला वाटलं, गुणांसाठी.
मी फेरतपासणीचा अर्ज आणि नकाराचं वाक्य
दोन्ही तयार ठेवलं होतं.
तिनं टेबलावर वही ठेवली.

सतरा नावं. नावापुढं तारीख,
तारखेपुढं एक रकाना मी कुठल्याच पुस्तकात पाहिला नव्हता:
*उधार का दिलं.*
बॉयलरवाला: रात्रपाळी, बुटाला भोक.
स्वयंपाकीण: गेल्या वर्षी आईला खिमट पाठवायची.
एका नावापुढं: दीडशे रोख, उरलेल्याचं लोणी, आईनं तोलून घेतलं.
सोळा नावांवर आडवी रेघ.
मी वाचत गेले, मनात गुण देत गेले,
ग्राहकाची ओळख, पत, परतफेडीचा काळ,
हे तर सगळं इथंच होतं, शिसपेन्सिलीत,

आणि सतरावं नाव माझं होतं.

बुरुल एजेके. एक जोडी, राखाडी.
तारीख: मूल्यमापनाच्या आदल्या दिवसाची.
कधी देणार: विचारलं नाही.
उधार का दिलं: शिक्षिका आहेत.

खोलीत किटली उकळत होती, ती बंद करायला
मला उठावंसं वाटेना.
पाचशेची नोट दिली. तिनं अडीचशे परत केले, दोनदा मोजून.
रेघ स्वतःच मारली, पट्टी लावून.
गुणांबद्दल चकार शब्द नाही.

ती गेल्यावर मी अर्ज भरला, तिच्या वतीनं नव्हे, माझ्या.
'फेरतपासणीचे कारण' या रकान्यात एकच ओळ मावते.
लिहिलं: परीक्षकाकडून येणे बाकी होते.

बिश्केकहून अजून उत्तर नाही.
टाचेला भोक पडलंय.
जिरगाल म्हणते, रफूचे चाळीस सोम.
आणि वही न उघडताच म्हणते,
रोख.