तेवीस

हे रातराणीवर असतात, गंगाखेड–पुणे,
म्हणून आमच्या घरात रात्र दुपारी होते.
खिडकीला गोधडी, दाराला आतून कडी
आणि कुलरच्या वर चढलेलं यांचं घोरणं.
शेजारची कौसल्या म्हणते,
नशीबवान हायस बाई, कसं गाढ झोपतंय माणूस.

गाढ.

मी कुलर बंद करते.
एप्रिल असला तरी बंद करते.
घोरणं चढत जातं आणि मधेच तुटतं,
हापशाचा दांडा वरच अडकावा तसं.
शेंगा फोडता फोडता मी मोजते.
बारा. पंधरा. एकवीस.
छाती उचलते, हवा काही आत जात नाही.
तेवीसला अंगभर हिसका बसतो, श्वास येतो,
मग मी पुढची शेंग घेते.

सांगितलं यांना. म्हणाले, तुला दुसरं काम नाही का?
सासूबाई म्हणाल्या, याचे वडीलबी असंच घोरायचे.
वडील झोपेतच गेले,
हे त्या पुढं बोलल्या नाहीत.

मग डेपोत तपासणी निघाली.
घरचं माणूस सोबत आणा, असं चिठ्ठीत होतं.
डोळे, साखर, बीपी, दरवर्षीचंच.
पण मेहरुन्निसा सिस्टरनं शिंप्याची टेप काढली
आणि यांच्या गळ्याभोवती धरली.
हे हसले, "सदरा शिवताय का काय?"
सतरा इंच, तिनं लिहिलं.
गाडीवर डुलकी लागते?
"छे," हे म्हणाले,
कंडक्टर वाघमोडे जमिनीकडं बघायला लागला.
मग तिनं मान माझ्याकडं वळवली.
झोपेत यांचा श्वास थांबताना कुणी पाहिलंय?

कुणी पाहिलंय.
नऊ वर्षांच्या दुपारी,
आणि एवढासा रकाना.
मी म्हणाले, तेवीस.
एकदा एकतीस, दिवाळीच्या आदल्या दिवशी.
ती हसली नाही. लिहीत गेली.

परभणीला एक रात्र बोटाला चिमटा, नाकाशी नळी.
तासाला अडतीस वेळा, कागद म्हणाला.
आता महिनाभर यांना स्टेअरिंग नाही,
डेपोत टायरांची नोंद करतात,
घरी माझ्याशी बोलत नाहीत.
रात्री तोंडावर मास्क चढवतात, चिडूनच.
मशीनचा आवाज सपाट, पिठाच्या गिरणीला सुट्टी असल्यासारखा.
मोजायला काही उरलं नाही
तरी माझा अंगठा पेरांवर सरकत राहतो,
आणि ती रातराणीतली माणसं आठवतात,
माना टाकून झोपलेली, चव्वेचाळीस सीट,
पुढच्या एका माणसाच्या भरवशावर.

काल कौसल्या दाराशी येऊन हळूच म्हणाली,
ती टेपवाली बाई पुन्हा कधी येणार हाय?