कूस

मे महिन्यात सील खडकांवर येतात, केस झाडायला.
जुना कोट उन्हात गळतो
आणि खालून वर येतात वलयं,
कॉफीचा कप जिथे जिथे टेकला
तिथे तिथे उमटावेत डाग, तशी.
कुणाचीही कुणासारखी नसतात.

साइमा सरोवरावर आमचे चौदा कॅमेरे.
सत्तर हजार फोटो आले या वर्षी,
बहुतेकांत नुसता खडक, लाटा, एखादा कुरव पक्षी.
मी पहिली कॉफी ओतेपर्यंत यंत्र ते चाळून टाकतं.
उरलेल्यांतली वलयं उचलतं,
जुन्या नोंदींशी ताडून पाहतं
आणि सांगतं: ही तीच. शंभरातले एक्क्याण्णव.
हेच काम पूर्वी हातानं करताना
नोव्हेंबरपर्यंत माझे डोळे पुरत नसत.

ओइवा कोसुनेन आठवड्यातून एकदा येतो.
रबरी बूट दाराबाहेर ठेवून, मोज्यांवर,
खुर्ची न ओढता पडद्यासमोर उभा राहतो.
चाळीस वर्षं त्यानं या पाण्यात मुइक्कू मासे धरले.
यंत्राला तो 'ती पोर' म्हणतो.
'काय म्हणते ती पोर?'
दोनशे चौदा परत दिसली, मी सांगते, उत्तरेच्या बेटावर.
आणि त्याच बेटावर तीनशे एक. ही नवी.

तो बराच वेळ बघतो.
'एकच आहे ही.'
मी आकडा दाखवते. साम्य, शंभरात तीन.
'असेल. तुमच्या पोरीनं तिला निजलेली पाहिलीय.
मी तिला कूस बदलताना पाहिलंय.'

खरंच की.
डावी कूस एक, उजवी दुसरी,
दोन्हींवर वेगळाच मजकूर,
आणि मधली पाठ कुठल्याच फोटोत नाही.
एका जिवाच्या दोन नोंदी करून
आम्ही दोन्ही जगवत होतो.

ओळ खोडली. चारशे बावीसचे चारशे एकवीस.
कुणी मेलं नाही आणि एक कमी झालं.
हात कळीवर थोडा थांबला, खोटं कशाला बोलू,
निधीच्या अर्जात तो आकडा आधीच गेला होता.

जानेवारीत बर्फ पडला तो चमचाभर.
गोठलेल्या सरोवरावर फावड्यांनी ओढून
आम्ही ढीग रचले, माद्यांनी आत बीळ करावं म्हणून.
कुठे रचायचे ते यंत्रानं सुचवलं,
किनाऱ्याचा उतार, वारा, बत्तीस वर्षांची बिळं बघून.
ओइवानं दोन ढीग हलवायला लावले.
त्यातला एक उगाचच, ते नंतर कळलं.
दुसऱ्याखालून फेब्रुवारीत बारीक आवाज आला,
दार किरकिरावं तसा.
आम्ही पाय न वाजवता मागे फिरलो.

एप्रिलच्या मध्यावर जाळी बंद होतात.
त्या दिवशी त्यानं आतल्या खिशातून पाकीट काढलं.
एक फोटो, कडा पिवळ्या:
नावेच्या तळाशी पिल्लू, ओलं,
नायलॉन अजून मानेत.
मागे पेन्सिलीनं तारीख, जून सत्त्याऐंशी. बाकी काही नाही.
'विचार तिला.'

उत्तर मला ठाऊक होतं. त्यालाही असणार.
तरी मी तो काचेवर पालथा ठेवला, झाकण लावलं.
चार सेकंद, नेहमीइतकेच.
खूण पटत नाही.

'बरोबर आहे,' तो म्हणाला. 'नसायलाच हवी.'
मग दारात वाकून बूट चढवताना,
माझ्याकडे न बघता:
'पण आता राहू दे त्याला आत.
लिहून ठेव, फक्त डावी कूस.'